आबांचा मिचमिचणारा पडदा

आबांनी फोनवर कधी ‘हॅलो’ म्हटलं नाही. नाव सांगायचे नाहीत, ख्यालीखुशाली विचारायचे नाहीत. मागचं बोलणं जिथं थांबलं असेल तिथूनच पुढं सुरू करायचे. “तर मग ती वायर बदलून बी तसंच हाय,” असा आवाज कानावर पडला की मी ओळखायचे, युसूफ वडगावहून आबा बोलताहेत. मधे आठवडा गेलेला असो नाहीतर महिना, त्यांच्या हिशेबी ते एकच बोलणं असायचं. मधल्या काळात जणू कुणीतरी पाणी प्यायला उठून गेलं होतं आणि आता परत आलं होतं.

माझं केजला दुकान आहे, तहसीलच्या रस्त्याला. कॉम्प्युटर दुरुस्ती, प्रिंटर, आणि अलीकडं सीसीटीव्ही. शिक्षण अंबाजोगाईला झालं, लग्नानंतर केजला आले आणि नोकरीच्या नादी न लागता दुकान टाकलं. सुरुवातीला लोक आत यायचे आणि विचारायचे, “मालक कुठं गेले?” मी म्हणायचे, “मीच आहे.” त्यावरही काही जण खरा मालक येईल म्हणून बसून राहायचे.

आबांनी तसं काही विचारलं नाही. दारातून आत आले, काखेतलं घडीचं स्टूल उघडलं, त्यावर बसले आणि म्हणाले, “रानात कॅमेरे बसवायचेत. मिस्तरी कोण हाय?”

“मी आहे.”

“मग मिस्तरीण म्हन की. बस. सांग.”

तेव्हापासून मी त्यांची मिस्तरीण झाले. ताई नाही, मॅडम नाही. पहिल्या वेळी मला ते जरा टोचलं. पुढं दुसरं कुणी मॅडम म्हणालं की उगाच परकं वाटायला लागलं.

त्या स्टुलाबद्दल सगळ्या तालुक्याला माहीत होतं. आबा कुठंही गेले तरी स्वतःच्याच स्टुलावर बसायचे. तहसीलला, बाजाराला, दवाखान्यात, कुणाच्या सोयरिकीच्या बैठकीला. दुसऱ्यानं दिलेल्या खुर्चीवर बसलं की त्याच्या मनासारखं बोलावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना तसं बोलता यायचं नाही हे मात्र खरं. त्यांच्या गावातल्या एका लग्नातली गोष्ट मला तिघाचौघांनी सांगितली आहे. पाहुणे जेवून उठले होते, नेतेमंडळींची भाषणं चालली होती, आणि माजी सरपंच म्हणून आबांच्या हातात कुणीतरी माइक दिला. म्हणाले, आबा, दोन शब्द बोला. आबा उठले, म्हणाले, “मीठ कमीय,” आणि माइक परत देऊन बसले. नवरीच्या बापानं पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. आबांना त्यात आपलं काय चुकलं ते समजलं नाही. दोन म्हणाले होते, दोन बोललो.

माझ्याकडूनही त्यांची तीच अपेक्षा होती. कॅमेऱ्यांची माहिती देताना मी जरा सोपं करून सांगायला लागले, की समजा आपला डोळा आहे, त्यात एक जाळी आहे. त्यांनी हात वर केला. “मला समजंल असं नको सांगू, मिस्तरीण. जे हाय ते सांग. समजायचं माझं मी बघतो.” मग मी मेगापिक्सेल, लेन्स, रेकॉर्डर, सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटलं झोपले. शेवटी म्हणाले, “सहा पाहिजेत. पाच साधे. एक तुझ्याकडं असंल त्यात सगळ्यात चांगला.”

तो सगळ्यात चांगला कॅमेरा त्यांनी शेळ्यांवर लावला नाही, विहिरीवर नाही, फाटकावरही नाही. शेताच्या पश्चिमेला चुलतभावाचा बांध होता, तिथं खांब रोवून त्यावर बसवायला लावला, आणि लांबचं जवळ दिसायला हवं अशी अट घातली. पडदाही त्यांना मोठा हवा होता. मी म्हणाले, मोबाईलवर सगळं दिसेल, उगाच खर्च कशाला. ते म्हणाले, “मोबाईलमधी माणूस मुंगीएवढं दिसतंय. मला चेहरा दिसला पाहिजे.”

“कुणाचा?”

“जो असंल त्याचा.”

मी समजले, बांधाची भानगड आहे. आमच्याकडं कॅमेरे बसवणाऱ्यांपैकी निम्म्यांची तीच असते. मग बैठकीच्या खोलीत भिंतीला लावायचा मोठा फोर-के पडदा आणला, त्याला एक छोटा कॉम्प्युटर जोडला. आबा त्याला पेटी म्हणायचे. ब्राउजर उघडला की पडद्यावर सहा चौकोन दिसायचे. विहीर, गोठा, फाटक, रस्ता, उसाची बाजू आणि सहावा बांध. अक्षरं त्यांना बारीक दिसत होती म्हणून मी स्केलिंग, म्हणजे अक्षरांचा आकार, वाढवून दीडशे टक्के केलं. आबांच्या बायकोला सगळे जिजी म्हणतात. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “दार उघडलं तर हेच फुकटात दिसतंय.”

आबा म्हणाले, “दार लई लांबचं दाखवत न्हाई.”

महिनाभर काही तक्रार नव्हती. मग एक दिवस फोन आला. “आन् ते संध्याकाळचं मिचमिचतंय.”

“काय मिचमिचतंय, आबा?”

“पडदा. डोळे मिचकावल्यावानी करतंय.”

पडदा लुकलुकण्याची कारणं ढीगभर असतात आणि ती एकेक करून बाद करावी लागतात. मी गेले, आधी केबल बदलली. एवढ्या मोठ्या पडद्याला साधी केबल पुरत नाही, चित्र तुटतं. दोन दिवसांनी फोन, “तर मग ती वायर बदलून बी तसंच हाय.” पुन्हा गेले. गावातली लाईट कमीजास्त होते म्हणून स्टॅबिलायझर लावला. तसंच. मग पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा, कमी करून पाहिला. त्यानं माउसचा बाण पेंगुळल्यासारखा चालायला लागला आणि आबा म्हणाले, “ह्याला ताप आलाय. होतं तसं कर.” मग चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, नवा टाकला. तसंच.

खरी अडचण ही होती की मला ते मिचमिचणं एकदाही दिसलं नव्हतं. मी असताना सहाही चौकोन शांत असायचे. विचारलं, “नेमकं कधी होतं?”

“संध्याकाळी.”

“तेव्हा तुम्ही काय करत असता?”

“बघत असतो.”

“म्हणजे कोणता कॅमेरा? काही दाबता का?”

“तू मिस्तरीण हायस का फौजदार?”

एकदा मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबले. जिजींनी धपाटे केले होते, ते खाल्ले. ऊन उतरलं. आबा पडद्याकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे, स्टूल इकडचं तिकडं सरकवायचे. माउसला हात लावला नाही. शेवटी म्हणाले, “जा आता, अंधार पडंल. लेकरं वाट बघत असतील.” मी म्हणाले, आता झालं की मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवा. त्यांनी पाठवला. त्यात एका कोपऱ्यात काहीतरी लखलखत होतं आणि बाकी सगळ्या चित्रावर त्यांचा अंगठा होता.

त्याच सुमाराला बांधापलीकडं एक नवी गोष्ट झाली. आबांचे चुलतभाऊ, नाना, यांनी आपल्या भुईमुगाभोवती तारा ओढल्या आणि झटका मशीन बसवलं. रानडुकरं पिकात घुसतात म्हणून आता बरेच जण ते बसवतात. बॅटरीवर चालतं, तारेत थोडा थोडा करंट सोडतं, डुकराचं नाक लागलं की ते मागं फिरतं. माणसाला झटका बसतो पण इजा होत नाही. चालू असताना त्यातून टिक टिक असा आवाज येत राहतो.

आबांनी ती टिकटिक ऐकली आणि हिशेब जुळवला. मला फोन. “पलीकडच्यानं मशीन आणलंय. त्यानं मिचमिचतंय.”

ते नानांना नानाही म्हणायचे नाहीत. पलीकडचा.

मी स्पष्ट सांगितलं, “आबा, मला तसं वाटत नाही. तुमची मिचमिच मशीनच्या आधीपासूनची आहे.”

“आधी दुसरं कायतरी आणलं असंल.”

“नाना कशाला करतील असं?”

मग म्हणाले, “बघू देत न्हाई तो मला,” आणि फोन ठेवला. कुणाला ते मला कळलं नाही.

त्यानंतर काय झालं ते मी जिजींकडून ऐकलं. आबा गावातल्या हॉटेलात गेले, चारचौघांत सांगितलं की नाना यंत्रानं माझा पडदा बंद पाडतो. कुणी हसलं असेल. आबा तिथून उठले ते सरळ रानात गेले आणि पकड घेऊन नानांच्या कुंपणाची तार दोन ठिकाणी तोडली. नाना परगावी सोयऱ्यांकडं गेलेले. ते परत येईपर्यंत रानडुकरांनी भुईमूग उकरून टाकला होता. शेंगा भरत आलेल्या होत्या. अर्ध्याहून जास्त वावर डुकरांनी नांगरल्यासारखं केलं होतं. नाना काठी घेऊन आबांच्या फाटकाशी आले. त्यांच्या पोरांनी त्यांना मागून धरलं म्हणून निभावलं. प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं आणि आबांना बोलावणं आलं.

त्या दिवशी सकाळी फोन जिजींचा होता. त्या मात्र हॅलो म्हणाल्या. “पोरी, ये बरं जरा. ते ठाण्यावर गेलेत. ते यायच्या आत ये.”

मी स्कूटी काढली. गेले तर जिजी बैठकीत पडद्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “तुला ते कधी दाखवणार न्हाईत. मी दाखवते. रोज संध्याकाळी काय करत्यात ते बघ.” त्यांनी माउस दोन्ही हातांनी धरला, बाण सहाव्या चौकोनावर नेला आणि दोनदा दाबलं. चौकोन पडदाभर झाला.

बांध दिसला. तुटलेली तार, उकरलेली माती. त्यामागं नानांचं घर, अंगणात कडुलिंब, त्याच्याखाली खाट. जिजींनी माउसचं चाक फिरवलं तशी खाट जवळ येत गेली. खाटेवर एक फार म्हातारी बाई बसली होती. पाय खाली सोडलेले, मांडीवर सूप, त्यातल्या शेंगा बोटांनी चाचपत होती. आणखी एकदा चाक फिरलं आणि पडद्यावर नुसता तिचा चेहरा राहिला. सुरकुत्या मोजता याव्यात इतका स्वच्छ.

आणि पडदा मिचमिचला. चेहऱ्यावरून काळे पट्टे धावले, क्षणभर सगळं पांढरं झालं, पुन्हा चेहरा, पुन्हा पट्टे.

“हे बघ,” जिजी म्हणाल्या. “आईचा चेहरा मोठा केला की असं होतं. त्यांना वाटतं, नाना तिकडून करतो.”

“कुणाची आई?”

“नानाची. पण ह्यांची आई हे रांगत होते तवाच गेली. हिनंच वाढवलं. नाना आन् हे एका ताटात जेवलेले हायत. हे तिला मोठी आई म्हनत्यात.”

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीला आबा पुन्हा उभे होते, आणि ऐनवेळी नानांनीही अर्ज भरला. दोघंही पडले, निवडून तिसराच आला. निकालाच्या दिवशी आबा जाब विचारायला गेले तेव्हा नाना म्हणाले, माझ्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नको. आबांनी ठेवला नाही. मोठी आई अधूनमधून बांधावरून इकडं यायची, तेवढीच भेट. मग तिचे गुडघे गेले आणि तेही बंद झालं.

“शेताला कॅमेरे कशाला पाहिजे होते ह्यांना,” जिजी म्हणाल्या. “पाच कॅमेरे तर तुला दाखवायला घेतले.”

मला तो व्हिडिओवरचा अंगठा आठवला. सगळ्यांकडून खरं ऐकायची हौस असलेल्या माणसानं मला सगळं सांगितलं होतं, एक सोडून. आणि तेच सांगितलं असतं तर काम पहिल्याच फेरीत झालं असतं.

मी माउस घेतला, सहावा कॅमेरा बंद केला आणि दुसरा, गोठ्याचा, दोनदा दाबून पडदाभर मोठा केला. शेळ्या दावणीला उभ्या होत्या. काही क्षण शांत होत्या. मग त्यांच्यावरूनही काळे पट्टे धावायला लागले. जिजी बघत राहिल्या. “शेळ्या बी?”

“शेळ्या पण. विहीर पण होईल. कुठलाही मोठा केला की होणार. आबांनी दुसरा कुठला मोठा करून बघितला नव्हता.”

कारण साधं होतं. छोट्या चौकोनात चित्र हलकं असतं. मोठं केलं की पूर्ण बारकाव्यांचं, जड चित्र येतं. ब्राउजर ते जड काम स्वतः करत नाही, ग्राफिक्सच्या चिपवर सोपवतो. पडदा इतक्या बारीक ठिपक्यांचा असला आणि स्केलिंग दीडशेवर ठेवलेलं असलं की एखाद्या अपडेटनंतर त्या दोघांचं जमेनासं होतं आणि चित्र तुटत राहतं. मी ब्राउजरच्या सेटिंगमध्ये गेले, ते काम चिपवर सोपवायचा पर्याय बंद केला, ब्राउजर बंद करून परत उघडला. शेळ्या मोठ्या केल्या. शांत. सहावा मोठा केला, चेहऱ्यापर्यंत नेला. म्हातारी शेंगा चाचपत होती आणि पडद्यावर एक रेघही हलत नव्हती.

आबा कधी दारात येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नाही.

जिजी उठल्या, “चहा ठेवते,” म्हणून आत गेल्या. आबा पडद्यावरच्या त्या चेहऱ्याकडं बघत होते. स्टूल काखेत तसंच. मी कामाचंच बोलले. “आबा, बसा. एक दाखवते.”

मी पर्याय परत चालू केला. शेळ्या मोठ्या केल्या. मिचमिचल्या. बंद केला. शांत झाल्या.

“परत कर.”

परत केलं.

“आता विहीर.”

विहीरही मिचमिचली.

“म्हंजी त्याच्या मशीननं न्हाई.”

“मशीन तर तुम्ही तार तोडल्यापासून बंद आहे, आबा. आणि आत्ता मिचमिचलं ना?”

आबांनी पेटीकडं बोट केलं. “ह्याच्यातच होतं?”

“ह्यातच.”

“माझ्याच घरात.”

“हो.”

त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. मला वाटलं आता म्हणतील, कुणाला सांगू नको. माझ्या धंद्यात हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलेलं आहे. आबा म्हणाले, “हे सगळं काढ. पडदा, पेटी, सगळं. आन् जसं बिघडलेलं होतं तसं करून ठेव.”

“कशाला?”

“ट्रॅक्टरवर घालायचंय.”

पडदा आम्ही गोधडीत गुंडाळला. ट्रॉलीत त्याच्या एका बाजूला मी बसले, दुसऱ्या बाजूला जिजी. आबा स्वतः ट्रॅक्टर चालवत होते. बांधावरून गेलं तर नानांचं घर हाकेच्या अंतरावर होतं, पण आबांनी रस्त्यानं नेला, गावातून. हॉटेलासमोर थांबले आणि आत बसलेल्या दोघा-तिघांना म्हणाले, “परवा माझं ऐकलं ना? मग आता हे बी ऐकायला चला.” ते उठून मागोमाग आले.

नाना अंगणातच होते. ट्रॅक्टर आत येताना बघून उभे राहिले. त्यांची पोरंही बाहेर आली. आबा उतरले, अंगणाच्या मधोमध आले, आणि इतक्या वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य बोलले.

“बोर्ड कुठंय तुझा?”

“कावून?”

“पडद्याला करंट पाहिजे.”

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार, हातात प्लग धरून उभी होते. त्यांनी ओट्यावरच्या बोर्डाकडं हनुवटी केली. पडदा ओट्याच्या भिंतीला टेकवून ठेवला. आबांच्या घरच्या राउटरचा सिग्नल तिथं पोचत होता, इतकी घरं जवळ. सहा चौकोन आले. आबांनी शेळ्या मोठ्या करायला सांगितल्या. शेळ्या मिचमिचल्या.

“बघा,” आबा म्हणाले. “मी हॉटेलात म्हनलो, ह्यो मशीननं माझा पडदा मिचमिचवतो. म्हनलो आन् तार तोडली. मशीन बंद हाय, तरी मिचमिचतंय. मिस्तरीण, आता नीट कर.”

मी केलं.

“ही खोट माझ्या पेटीत होती. ह्याचा काय संबंध न्हाई. त्याचं रान डुकरानं न्हाई, मी उकरलं. माझा भुईमूग उभा हाय, तो त्यानं काढून न्यावा. झालं.”

हॉटेलातला एक जण हसला आणि नानांच्या तोंडाकडं बघून गप्प झाला. नाना म्हणाले, “तुझ्या शेंगा नको मला. तार ओढून दे. गडी नको, तू ओढ.”

“ओढतो.”

“आन् आता हे सांग, माझ्या अंगणाकडं कॅमेरा कावून लावलास तू? बायामाणसं वावरत्यात हितं.”

प्रश्न रास्त होता. आबा खाली बघत होते. मातीत पायाचा अंगठा रुतवून उभे. शेवटी आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, “सहावा उघड.”

मी उघडला. पडद्यावर हेच अंगण आलं, बांधावरून दिसणारं. ट्रॅक्टर, पाठमोरे आम्ही, कडुलिंब, खाट. आबा म्हणाले, “रोज करतो तसं कर.” मी चाक फिरवलं. माणसं बाजूला सरत गेली आणि मोठी आई पडदाभर झाली. खरी मोठी आई तिथंच, खाटेवर बसलेली होती. तिनं डोळ्यांवर हात आडवा धरून पडद्याकडं पाहिलं.

“हे कोण बसलंय?”

“तू हायस, आई,” नाना म्हणाले.

“मी एवढी म्हातारी कवा झाले?”

नाना पडद्याकडं बघत राहिले, मग बांधावरच्या त्या खांबाकडं, मग आबांकडं.

“हिच्यासाठी?”

“मग काय तुझं तोंड बघायला?”

“सरळ यायचं की बे.”

“तूच म्हनलास, उंबऱ्यावर पाय ठेवू नको.”

“उंबऱ्यावर म्हनलो. अंगणात न्हाई म्हनलो.”

इतकी वर्षं आबांनी तो शब्द जसाच्या तसा पाळला होता, आणि त्यातली ही मोकळी जागा त्यांच्या ध्यानात आली नव्हती. नानांच्याही आली नसावी, कारण बोलून झाल्यावर त्यांनी तोंड वळवलं आणि पोरांवर खेकसले, “उभे काय ऱ्हायलात, खाट सरकवा त्याला बसायला.” आबा मात्र खाटेवर बसले नाहीत. मोठ्या आईसमोर मातीतच बसले. तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, गालाची हाडं चाचपली. म्हणाली, “वाळलास.”

“न्हाई. हाय तसाच हाय.”

नानांच्या बायकोचं म्हणणं होतं की ते काही असो, कॅमेरा फिरवा. ते बरोबरच होतं. पण मोठ्या आईनं विचारलं, तो कुठून बघतो. तिला खांब दाखवला. ती म्हणाली, “मला एकटीला बघू दे त्याला. बाकीच्यांना नको.” मग मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये नानांच्या घराचं दार, मोरी, ओटा, सगळं चित्रात काळं करून झाकलं. कॅमेऱ्यात तशी सोय असते. उघडं ठेवलं ते फक्त कडुलिंब आणि त्याखालची खाट. नानांच्या बायकोनं पडद्यासमोर उभं राहून, अंगणात इकडून तिकडं पोराला चालायला लावून, दोनदा खात्री करून घेतली.

तार आबांनीच ओढली. पान्हा, पकड, खांबावरचे चिनी मातीचे गोळे, सगळं स्वतः. नाना बांधावर बसून बघत होते, हात लावत नव्हते. तार जोडून झाल्यावर नानांनी मुद्दाम मशीन चालू केलं की चुकून, ते दोघांनाच माहीत. आबांना झटका बसला. ते हात झटकत म्हणाले, “चालू हाय तुझं मशीन.” नाना म्हणाले, “बरं झालं सांगितलंस.” ठाण्यातलं प्रकरण मिटलं.

ते दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले असं काही झालं नाही. आजही फार बोलत नाहीत. आबा अधूनमधून अंगणात जाऊन बसतात, मोठ्या आईपाशी. नानांनी एकदा आत ये म्हटलं, तर म्हणाले, बघू. चहा तिकडं फार गोड करतात, अशी त्यांची तक्रार असते, आणि ती ते नानांच्या बायकोच्या तोंडावर सांगतात.

पावसाळा संपल्यावर मी कॅमेऱ्यांच्या काचा पुसायला गेले होते. कोळी जाळी करतात आणि चित्र धुरकट होतं. काम उरकेपर्यंत ऊन कलंडलं. मी बैठकीत हिशोबाला थांबले होते. आबांनी आता माझ्यासमोरच सहाव्यावर दोनदा दाबलं. पडदा स्थिर होता. कडुलिंबाखालची खाट आता वळवून टाकली होती, बांधाकडं तोंड करून. मोठी आई कॅमेऱ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांना खांबही दिसत नसणार, पण दिशा तिला पक्की माहीत होती. तिचे ओठ हलले. कॅमेऱ्याला आवाज नाही, तरी काय विचारतेय ते कळत होतं.

आबा पडद्याला म्हणाले, “जेवलो.”

आतून जिजींचा आवाज आला, “खोटं बोलत्यात. दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलंय.”

मोठी आई अजून पडद्यातून बघत होती. आबा उठले, हात धुतले आणि जिजींना म्हणाले, “वाढ.”